लाकडावरची अळंबी खरंच औषधी का? अँटिऑक्सिडंट आणि जंतुनाशक या दोन शब्दांचा हिशेब

पाऊस लागला की गोव्यात अळम्यांचा विषय निघतोच, पण हल्ली त्यात नवीन भर पडलीय. रस्त्याकडेला पानात बांधून विकतात ती आपली अळमी राहिली बाजूला, मोबाईल उघडला की रेशी, चागा, टर्की टेल, लायन्स मेन असल्या नावांच्या डब्या दिसतात आणि प्रत्येक डबीवर दोन शब्द हमखास असतात, अँटिऑक्सिडंट आणि अँटिमायक्रोबियल म्हणजे जंतुनाशक. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला "संशोधनाने सिद्ध" अशी शेपटी जोडलेली असते. आता संशोधन झालेलं आहे, भरपूर झालंय, त्यात खोटं काही नाही. फक्त प्रयोगशाळेत जो प्रश्न विचारला होता तो एक आणि डबी विकत घेणाऱ्याच्या मनात असतो तो दुसराच, आणि सगळा घोळ या दोघांच्या मधल्या जागेत होतो.

आधी हे ठरवू, कुठली अळंबी?

आपली रोयणीवरची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमी या गोष्टीत येत नाही. ती टर्मिटोमायसिस, वाळवी तिची रोयणीच्या आत अक्षरशः शेती करते, ती लाकडावर उगवत नाही. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

लाकडावरची म्हणजे मेलेल्या किंवा आजारी झाडाच्या खोडावर, ओंडक्यावर वाढणारी. यात मऊ खाण्यासारखी आहेत, धिंगरी म्हणजे ऑइस्टर मशरूम, शिताके, आणि पावसात कुजक्या फांदीवर लिबलिबीत कानासारखी दिसतात ती. आणि मग कडक, लाकडासारखीच टणक, खाता न येणारी आहेत. रेशी म्हणतात ती गॅनोडर्मा, वरून व्हार्निश मारल्यासारखी लालसर तुकतुकीत, कडेला पांढरी किनार. टर्की टेल म्हणजे पातळ, रंगीत पट्ट्यापट्ट्यांची. चागा थंड देशात बर्च झाडावर येते, तिचा आपल्याकडच्या रानाशी संबंध नाही. आणि एक आपलीच, फणसोंबा. जुन्या फणसाच्या खोडाला खुरासारखी चिकटलेली असते, वरून काळपट भेगाळलेली, खालून गंजाच्या रंगाची, बोट फिरवलं तर मखमलीसारखं लागतं. शास्त्रात तिला फेलिनस म्हणतात.

लाकूड खाणं हे सोपं काम नव्हे

लाकूड टिकतं कशामुळे? त्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो लाकडाच्या धाग्यांना घट्ट बांधून ठेवतो आणि त्याची रचना इतकी वेडीवाकडी असते की बहुतेक जीवांना तो पचतच नाही. लाकूड पांढरं पडून कुजतं ना, ते करणाऱ्या बुरश्यांनी (अळंबी म्हणजे अशाच बुरशीचं फळ) यावर एक जालीम उपाय काढलाय. त्या लाकडात एन्झाइम सोडतात, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हो तेच, जखम धुवायला बाटलीत मिळतं ते, आणि या सगळ्यातून फ्री रॅडिकल तयार होतात. फ्री रॅडिकल म्हणजे असा कण ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो आणि तो शेजाऱ्याकडून हिसकावून घेतो, मग शेजारी तुटतो. लिग्निन असंच तोडलं जातं.

पण तो कण लाकूड कुठलं आणि बुरशी कुठली ते बघत नाही. काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल का लावतात? सालीतलं तेल कातडी जाळतं म्हणून. या बुरशीचंही तसंच आहे, दिवसभर जाळणाऱ्या रसायनात हात घालून बसायचं तर आधी स्वतःला काहीतरी लावून घ्यावं लागतं. ते "काहीतरी" म्हणजे अँटिऑक्सिडंट, रॅडिकलला स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारे पदार्थ. म्हणून लाकडावरच्या अळंब्यांत फिनॉल गटातली रसायनं भरपूर सापडतात. फणसोंब्याचा तो गंजासारखा रंग बराचसा अशाच रसायनांचा असतो, त्यातलं एक हिस्पिडिन. आणि इथे मला फार आवडणारी गोष्ट सांगतो, म्हादईच्या रानात भर पावसाळ्यात काळोखात कुजक्या काटक्या हिरवट चमकतात ना, मायसेना नावाची इवलीशी अळंबी असते ती, तिचा उजेड ज्या रसायनातून येतो ते याच हिस्पिडिनपासून तयार होतं. म्हणजे फणसाला चिकटलेलं ते ओबडधोबड खूर आणि ती चमकणारी नाजूक छत्री, दोघांच्या स्वयंपाकघरात एकच मसाला.

दुसरी गोष्ट मारामारीची. लाकडात नायट्रोजन जेमतेम, खाणारे खूप. बॅक्टेरिया, दुसऱ्या बुरश्या, किडे सगळे त्याच ओंडक्यावर टपलेले. पावसात पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्याची फळी कापली की कधीकधी आत काळ्या नागमोडी रेघा दिसतात, नकाशात देशांच्या सीमा असतात तशा, फर्निचरवाले त्याला डिझाइन म्हणून जास्त पैसे लावतात. त्या बऱ्याचदा खरोखरच सीमा असतात, एका बुरशीने दुसरीला अडवायला बांधलेल्या भिंती. भिंतीसोबत रासायनिक शस्त्रंही असतात, ती म्हणजे जंतुनाशक पदार्थ. थोडक्यात हे दोन्ही गुण खरे आहेत पण ते अळंबीने स्वतःसाठी कमावलेत, आपल्याला त्यातलं किती मिळतं हे वेगळं बघावं लागतं.

अँटिऑक्सिडंट आहे हे मोजतात कसं?

बहुतेक पेपरात एकच चाचणी असते, डीपीपीएच. अळंबी वाळवून दळायची, मिथेनॉल किंवा गरम पाण्यात तिचा अर्क काढायचा. एका नळीत गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यातलं डीपीपीएच हे मुळात एक टिकाऊ फ्री रॅडिकलच असतं. अर्क टाकला आणि त्यात रॅडिकल शांत करणारं काही असलं तर जांभळा रंग उतरत जातो आणि शेवटी पिवळा होतो. किती अर्काने अर्धं काम झालं तो आकडा काढायचा. स्वस्त, अर्ध्या तासाची चाचणी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला एकदम सोयीची.

यात चूक काही नाही. पण हीच नळी चहाने पिवळी होते, कॉफीने होते, कोकमाच्या अर्कानेही होते. नळीत पोट नाही, लिव्हर नाही, रक्त नाही. आपण जे गिळतो त्यातली बरीचशी फिनॉल आतड्यातून आत जातच नाहीत, जी जातात त्यांचं रूप लिव्हर बदलून टाकतं आणि लघवीवाटे काढून टाकतं. पेशीत आपलं स्वतःचं ग्लुटाथायोन नावाचं अँटिऑक्सिडंट आधीच कितीतरी जास्त प्रमाणात बसलेलं असतं, त्याच्यापुढे हे पाहुणे किती ते बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट आकड्यांचा एक मोठा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता, तो २०१२ मध्ये काढून टाकला, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते सांगता येत नाही.

या सगळ्यात एक पदार्थ मात्र मला खरंच लक्ष ठेवण्यासारखा वाटतो, अर्गोथायोनीन. हा १९०९ मध्ये राय धान्यावरच्या बुरशीत सापडला. बुरश्या आणि काही बॅक्टेरिया तो बनवतात, आपलं शरीर बनवू शकत नाही, आणि तरीही आपल्या पेशींवर त्याला आत घेणारा एक खास दरवाजा आहे, हे २००५ मध्ये कळलं. शरीर एखाद्या गोष्टीसाठी दरवाजा ठेवतं म्हणजे तिचा काहीतरी उपयोग असणार, असं संशोधकांना वाटतं आणि काम चालू आहे. धिंगरी आणि शिताकेमध्ये तो साध्या बटन मशरूमपेक्षा बराच जास्त असतो, शिजवूनही टिकतो. डबीची गरज नाही, भाजी पुरे.

"मग जास्त घेतलं तर बिघडलं कुठे? नैसर्गिकच तर आहे"

हा प्रश्न हमखास येतो, आणि याचं उत्तर मोठ्या ट्रायलमधून मिळालंय, तेही उलट्या दिशेने. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ई यांच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. गाजरातलं बीटा कॅरोटीन, नावाजलेलं अँटिऑक्सिडंट, याने फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल असं सगळ्यांना वाटत होतं. १९९४ मध्ये निकाल आला तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली, तिथेही तेच. हे अळंबीचं नव्हे हे कबूल, पण "अँटिऑक्सिडंट म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं" हा विचार तिथेच पडला.

कारण फ्री रॅडिकल हे नुसते खलनायक नाहीत. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात तेव्हा त्याला मारायला त्याच्यावर हेच रॅडिकल आणि पेरॉक्साइड सोडतात, अळंबी लाकडावर सोडते त्याच जातीचं शस्त्र. म्हणजे डबीवरचे दोन शब्द एकमेकांच्या बाजूला किती शोभून दिसतात, आणि शरीरात जंतू मारायचं काम बऱ्याच अंशी ऑक्सिडेशननेच, म्हणजे इलेक्ट्रॉन हिसकावण्यानेच चालतं!

जंतू मारतात हे तर दिसतंच ना डोळ्यांनी?

दिसतं. आगरच्या म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर बॅक्टेरिया पसरायचे, अर्कात बुडवलेली कागदाची टिकली मध्ये ठेवायची, रात्रभर उबेत ठेवायचं, सकाळी टिकलीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. फोटो छान येतो. गॅनोडर्मा, ट्रॅमेटीस म्हणजे टर्की टेल, फेलिनस, सगळ्यांची अशी वर्तुळं छापून आलीत, त्वचेवर गळवं करणारा स्टॅफिलोकोकस त्यात जास्त लवकर हरतो, ई. कोलायसारखे जंतू कमी, कारण त्यांच्या अंगावर बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि बरीच औषधं तिथेच अडतात.

आता मात्र आकडे वाचा, वर्तुळ नको. अर्कांना जंतू थांबवायला सहसा दर मिलिलिटरला काही मिलिग्रॅम लागतात. अँटिबायोटिक हे काम मायक्रोग्रॅममध्ये करतं, म्हणजे हजारपट कमीत, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं औषध साध्या ई. कोलायवर मायक्रोग्रॅमच्याही शंभराव्या भागाच्या आसपास काम करतं. अर्काची तेवढी पातळी रक्तात आणायची तर भुकटी किती खावी लागेल ते मनातल्या मनात करून बघा, त्याआधी पोटच बिघडेल. शिवाय प्लेटवर फिनाइलसुद्धा मस्त वर्तुळ देतं.

"म्हणजे सगळं फुकट?"

अजिबात नाही, आणि इथे मी डबीविरोधकांशीही भांडतो. अळंब्यांच्या शस्त्रागारातून खरी औषधं आलेली आहेत, फक्त ती भुकटी म्हणून आली नाहीत. पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका नखाएवढ्या अळंबीतून जर्मनीत १९७७ मध्ये स्ट्रोबिल्युरिन नावाचा पदार्थ वेगळा केला गेला, दुसऱ्या बुरशीचा श्वास बंद करणारा. मूळ पदार्थ उन्हात टिकायचा नाही, मग रसायनतज्ज्ञांनी त्याची रचना बदलत बदलत टिकाऊ रेणू बनवले आणि १९९६ पासून ते बाजारात आले. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन हे नाव बागायतदाराला विचारा, द्राक्षावर, मिरचीवर, टोमॅटोवर फवारतात. म्हणजे अळंबीने दुसऱ्या बुरशीसाठी बनवलेलं विष आपण बुरशीवरच वापरतोय.

दुसरं प्ल्युरोम्युटिलिन. हेही छत्रीवाल्या अळंबीतून, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती आलं. आधी डुकरं आणि कोंबड्यांसाठी औषध झालं, २००७ मध्ये त्याच्या भावंडाचं त्वचेवर लावायचं मलम आलं, आणि २०१९ मध्ये लेफाम्युलिन नावाने न्यूमोनियासाठी पोटात घ्यायचं अँटिबायोटिक म्हणून अमेरिकेत मंजुरी मिळाली. शोधापासून गोळीपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षं. शुद्ध रेणू, ठरलेला डोस, माणसांवर चाचणी, हे सगळं मधल्या काळात झालं. डबीवाले हीच मधली वर्षं गाळतात.

"पण आमची आजी फणसोंबा उगाळून लावायची, ते खोटं का?"

खोटं कशाला म्हणू. कोकणात आणि गोव्यात पोरांचं तोंड आलं, हिरड्या सुजल्या, लाळ फार गळायला लागली की सहाणेवर पाण्यात फणसोंबा उगाळून तो लेप हिरड्यांवर लावायची पद्धत आहे, वैद्य लोकही वापरतात. विचार करा, हा वापर किती शहाणपणाचा आहे. तोंडातल्या तोंडात, जिथे दुखतं तिथेच, उगाळलेला घट्ट लेप. तिथे फिनॉलचं प्रमाण रक्तात होईल त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि शोषलं जायचा प्रश्नच येत नाही. तुरट पदार्थ हिरडी आवळून धरतात हेही आहेच. त्यामुळे असा लेप काही काम करत असेल हे पटण्यासारखं आहे. त्यावरून फणसोंब्याची कॅप्सूल शुगर, बीपी, कॅन्सर सगळ्यावर चालते इथपर्यंत उडी मारणं हे मात्र आजीने कधी केलं नव्हतं.

"जपानमध्ये तर कॅन्सरला देतात"

हे अर्धं खरं. टर्की टेलमधून काढलेलं पीएसके आणि शिताकेमधून काढलेलं लेंटिनॅन जपानमध्ये मंजूर औषधं म्हणून वापरली गेली, पण केमोथेरपीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. लेंटिनॅन तर इंजेक्शनने. आणि दोन्ही बीटा ग्लुकॅन जातीच्या लांब साखरेच्या साखळ्या आहेत, त्या प्रतिकारशक्तीला चाळवतात असं मानतात, अँटिऑक्सिडंट म्हणून नाही. रेशीबद्दल कॉक्रेन या संस्थेने ट्रायल्स गोळा करून तपासल्या तेव्हा कॅन्सरवर पहिला उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा सापडला नाही, आणि २०१५ मध्ये शुगर आणि हृदयविकाराच्या धोक्याबद्दल पाहिलं तेव्हाही उपयोग दिसला नाही. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, केमो चालू असलेल्या माणसाने शेजाऱ्याने दिलेली कॅप्सूल गुपचूप घेऊ नये, डॉक्टरला सांगावं, कारण रेशीने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी गडबड होऊ शकते आणि भुकटी घेणाऱ्यांत लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. चागात ऑक्झलेट भरपूर, रोज घेऊन किडनी निकामी झाल्याच्या केसेस छापून आल्यात.

आणि डबीत नक्की काय आहे हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ सप्लिमेंट तपासल्या तर फक्त ५ मध्ये लेबलाप्रमाणे माल निघाला. आपल्याकडच्या डबीचं झाकण उघडायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचा, न्यूट्रास्युटिकल म्हणजे पूरक आहार म्हणून विकलेलं असेल तर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहिणं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला औषधी अळंबी, मागच्या बाजूला औषध म्हणून वापरू नका!

"आमच्या भाटात माडाच्या बुंध्याला तीच रेशी आलीय, उकळून पिऊ?"

नको. पहिलं म्हणजे गॅनोडर्माच्या कितीतरी जाती आहेत, एकसारख्या दिसतात. चीनमध्ये लागवड होते तिलाही वर्षानुवर्षं इंग्लंडमधल्या अळंबीचंच नाव चिकटलेलं होतं, ती वेगळी जात आहे हे २०१२ मध्ये नाव देऊन नीट मांडलं गेलं. तज्ज्ञांची ही गत तर फोटो बघून आपण काय ओळखणार. दुसरं, अळंबी मातीतले, झाडातले जड धातू शोषून घेते, रस्त्याकडेच्या किंवा खाणपट्ट्यातल्या झाडावरची असेल तर आणखीच नको.

तिसरं, माड वाचवायचं बघा. बुंध्याला गॅनोडर्मा दिसली म्हणजे आत मूळ आणि खोड कुजत चाललंय, बुंध्यातून तांबूस चीक ओघळत असेल, खालच्या झावळ्या लोंबायला लागल्या असतील तर खात्रीच समजा. पोफळीलाही हाच रोग होतो. अळंबी काढून जाळायची, त्या माडाभोवती चर खणून बाकीच्यांपासून तोडायचं, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी घालायची, आणि कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात जाऊन विचारायचं. औषध म्हणून कौतुक चाललंय तीच बुरशी कुळागराची वैरी आहे, हे डबीवर कोण लिहिणार.

मग खायचं काय?

धिंगरी. लाकडावरचीच जात, पण भाताच्या पेंढ्यावर घरच्या पडवीत होते, पेंढा गरम पाण्यात निर्जंतुक करून पिशवीत थर देऊन बी भरायचं, तीन-चार आठवड्यांत तोडणी. गोव्याची दमट हवा तिला मानवते, फक्त मार्च-एप्रिलच्या उकाड्यात सांभाळावं लागतं. प्रथिनं, फायबर, अर्गोथायोनीन सगळं ताटात येतं. कच्ची मात्र खाऊ नका, अळंबीच्या पेशीभोवती कायटिनची भिंत असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच, ते कच्चं पोटाला जड जातं. नीट शिजवा, सुकं करा नाही तर खोबरं भाजून शागोती करा, आणि पहिल्यांदाच खात असाल तर थोडीच खाऊन बघा, काहींना अ‍ॅलर्जी होते.